चिवट लाकडाला कोणता बार, कोणती चेन?

दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात आमच्या बांधावरची जुनी चिंच मुळासकट आडवी झाली. बुंधा अडीच फूट जाड. पंचनामा, परवानगी सगळं रीतसर झालं आणि शेजारच्या गावातला एक तरुण चेन सॉ घेऊन आला. ५८ सीसीची मशीन आणि तिला २२ इंचांचा बार. वरच्या फांद्या त्याने तासाभरात उतरवल्या. मग बुंध्याला बार लावला आणि काम जागच्या जागी अडकलं. मशीन ओरडत होती, चेन मात्र मधूनच थबकत होती. भुसा पिठासारखा पडत होता आणि जळक्या तेलाचा वास सुटला होता. चेन कापत नाही म्हणून तो मशीनवर अंगाचा भार टाकत होता आणि भार टाकल्यामुळे चेन आणखी तापत होती. दुपारपर्यंत बारच्या टोकाजवळची कड निळी पडली. दोन चेन निकामी झाल्या आणि काप सहा इंचही खोल गेला नव्हता.

संध्याकाळी त्यातली एक चेन मी घरी आणली आणि बल्बखाली भिंगातून तिचे दात पाहिले. दाताच्या टोकाशी, जिथे वरची कड आणि बाजूची कड मिळतात त्या कोपऱ्यावर, केसाएवढी पांढरी रेघ चमकत होती. धार चांगली असली की कड उजेडात दिसतच नाही. ती चमकायला लागली की कोपरा गोल झाला असं समजावं. चेनवरच्या एकूण एक दाताला ती रेघ होती.

दुसऱ्या दिवशी तीच मशीन, तोच माणूस आणि तोच बुंधा. बार १८ इंचांचा लावला, चेनची जात बदलली आणि कापायच्या जागेवरची मातीने भरलेली साल कुऱ्हाडीने सोलून काढली. दोन्ही बाजूंनी काप घेत जेवणाच्या सुट्टीआधी बुंध्याचे तीन ओंडके झाले. तेव्हापासून चेन सॉ घेणारा कोणी भेटला की मी त्याला मशीनच्या सीसीआधी बार आणि चेन विचारतो. चिवट लाकडात मशीनची ताकद दातापर्यंत पोहोचवतात ते हे दोन सुटे भाग, आणि आपल्याकडे नेमके तेच सर्वांत कमी विचार करून घेतले जातात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चिंच, आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, मोह, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. झाड आपल्या सातबाऱ्यावर असलं तरी परवानगी लागते. शहरांत १९७५ चा वेगळा कायदा आहे. मशीन बाहेर काढण्याआधी ते काम उरका.

लाकूड ओळखा

‘कठीण लाकूड’ हा एकच प्रकार नसतो. खैराचा गाभा इतका दाट की त्याची घनता पाण्याच्या जवळ जाते. बाभूळ ओली असताना बऱ्यापैकी कापली जाते आणि उन्हात वर्षभर पडली की दगड होते. चिंचेचा काळपट गाभा आणि त्याभोवतीचं फिकट लाकूड यांत इतका फरक असतो की काप आत शिरता शिरता मशीनचा आवाज बदलतो. साग त्या मानाने मऊ, पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचे बारीक कण असतात. म्हणून साग कापताना जोर लागत नाही आणि धार मात्र पटकन जाते. माडाचं तर सगळं उलटं असतं. खोड बाहेरून कठीण आणि आतून भुसभुशीत.

आणि आपल्याकडे लाकडापेक्षा मोठा शत्रू सालीवर बसलेला असतो. जुन्या आंब्याच्या, फणसाच्या, बाभळीच्या सालीवर वाळवीने चढवलेलं मातीचं लिंपण पाहा. ती माती म्हणजे बारीक रेती. चेन त्यातून एकदा गेली की तासाभराची धार मिनिटात संपते. पुराच्या पाण्यात राहिलेला ओंडका आणि जमिनीवर घसटत ओढून आणलेला बुंधा यांचंही तेच. तारेचा ब्रश किंवा कुऱ्हाड घ्या आणि काप घ्यायचा तेवढा चार बोटांचा पट्टा स्वच्छ करा. या पाच मिनिटांएवढी बचत कुठल्याच महागड्या चेनने होत नाही.

बांधावरच्या झाडात खिळे, कुंपणाच्या तारा, झोक्याचे हूक असतातच. कधी कधी साल त्यांच्यावरून वाढून गेलेली असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती निळा-काळा डाग पसरतो. कापाच्या तोंडाशी असा डाग दिसला की तिथेच थांबा आणि वीतभर बाजूला काप घ्या.

बारवरचे तीन आकडे

बारच्या मशीनकडच्या टोकाला तीन आकडे कोरलेले असतात. पहिला पिच, म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर. दुसरा गेज, म्हणजे चेनची खालची जीभ किती जाड आणि बारची खाच किती रुंद. तिसरा ड्राइव्ह लिंकची संख्या, म्हणजे त्या खालच्या जिभा एकूण किती. नवी चेन घेताना हे तिन्ही आकडे जुळायला हवेत. ‘१८ इंची चेन द्या’ एवढंच सांगून आणलेली चेन बसेलच असं नाही, कारण १८ इंची बारवर कुठे ६६, कुठे ६८, कुठे ७२ ड्राइव्ह लिंक लागतात.

आकडे पुसले गेले असतील तर पिच मोजता येतो. चेनवरचे लागोपाठ तीन रिव्हेट धरा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. साडेसोळा मिलिमीटर भरलं तर निम्मे सव्वाआठ, म्हणजे ०.३२५ इंच. एकोणीस भरलं तर ३/८ इंच. फार मोठ्या मशीनवर ०.४०४ इंच असतो. गेज बहुधा १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असतो. दुकानात तोच इंचाच्या हिशेबाने ५०, ५८ आणि ६३ म्हणून सांगतात.

३/८ मध्ये एक फसगत आहे. लहान मशीनवर येतो तो ‘लो प्रोफाइल’ ३/८ आणि ६० सीसीच्या पुढच्या मशीनवर असतो तो पूर्ण ३/८. नाव सारखं असलं तरी चेन वेगळी आणि तिचं स्प्रॉकेटही, म्हणजे मशीनवरचं चेन फिरवणारं दातेरी चाकही, वेगळं. एकीच्या जागी दुसरी चढवू नका.

गेजची चूक जास्त घातक आहे, कारण ती लगेच कळत नाही. जाड जिभेची चेन अरुंद खाचेत शिरतच नाही, तेव्हा चूक तिथेच उघड होते. पातळ जिभेची चेन रुंद खाचेत सहज बसते आणि काम सुरू केलं की डावी-उजवीकडे लुळी पडते. मला एकदा एका दुकानदाराने १.५ च्या बारवर १.३ ची चेन ‘चालते हो’ म्हणून दिली. किंजळीचा ओंडका कापताना काप आत शिरून कोयतीसारखा वळला आणि बार त्यातच घट्ट अडकला. दोन पाचरी ठोकून तो सोडवावा लागला. ती चेन काढली तेव्हा बारच्या खाचेचे दोन्ही काठ बाहेर फाकलेले होते. शंभर रुपयांच्या घाईत बार गेला.

बार किती लांब?

लांब बारचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून इथे थोडं थांबू. ०.३२५ पिचच्या साध्या चेनवर सुमारे ३३ मिलिमीटरला एक दात येतो. २२ इंचांचा बार लाकडात पूर्ण बुडाला म्हणजे एका वेळी सोळा-सतरा दात लाकूड ओढत असतात. १६ इंच बुडाले तर बारा. इंजिन तेच, ताकद तीच, फक्त ती जास्त दातांत वाटली जाते. मऊ लाकडात हा फरक खपून जातो. चिंचेत किंवा वाळक्या बाभळीत प्रत्येक दाताच्या वाट्याला इतका थोडा जोर येतो की तो लाकूड न कापता नुसतं घासतो. घासलं की तापतं आणि तापलं की धार जाते. आमच्या चिंचेच्या बुंध्यावर पहिल्या दिवशी झालं ते हेच.

म्हणून कठीण लाकडासाठी माझा हिशेब असा आहे. ३५ ते ४० सीसीच्या मशीनला १४ इंच पुरे. ४५-५० सीसीला १६, ५५-६० सीसीला १८. २० इंच आणि त्यापुढचे बार ७० सीसीच्या आसपासच्या मशीनवरच शोभतात. मशीनसोबत खोक्यात आलेला बार यापेक्षा लांब असेल तर तो मऊ लाकडाला ठेवा आणि कठीण लाकडासाठी दुसरा घ्या. बाजारात ५२ आणि ५८ सीसीच्या स्वस्त मशीन पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर ०.३२५ पिच आणि ५८ गेज असतो आणि त्यांना १८ इंची, ७२ लिंकचा बार सहज मिळतो. तरीही आपल्या मशीनचा आकडा वाचूनच घ्या.

बुंधा बारपेक्षा जाड असला तरी अडत नाही. दोन्ही बाजूंनी काप घेतला तर बारच्या लांबीच्या दुपटीपेक्षा थोडा कमी जाड ओंडका कापता येतो. त्याला हात बसलेला असावा लागतो, हे मात्र खरं. दोन काप समोरासमोर मिळवायला आधी सरपणाच्या ओंडक्यावर सराव करा.

बारच्या बांधणीत दोन प्रकार येतात. तीन पातळ पट्ट्या जोडून केलेला लॅमिनेटेड बार हलका आणि स्वस्त असतो. छाटणीला आणि फांद्यांना तो छान. एकसंध पोलादाचा सॉलिड बार जड असतो, पण बुंध्याच्या कामात वाकत नाही, आणि बऱ्याच सॉलिड बारचं टोक झिजलं की तेवढंच बदलता येतं. आठवड्यात दोन-तीन दिवस कठीण लाकूड कापणाऱ्याने सॉलिडच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. टोकाला छोटं दातेरी चाक असलेला बार चेनला कमी घासतो, म्हणून तो घ्या. त्या चाकाचा पिचही चेनच्या पिचशी जुळायला हवा. टोकाला ग्रीसचं भोक असेल तर रोज ग्रीस भरा. आणखी एक पाहा. बारची शेपटी, म्हणजे मशीनवर बसणारी बाजू, प्रत्येक कंपनीची वेगळी असते. जुना बार नव्यावर ठेवून खाच, ताण देण्याचं भोक आणि तेलाचं भोक तिन्ही जुळतात का ते दुकानातच बघा. तेलाचं भोक जुळलं नाही तर बार बसेल, पण तेल येणार नाही.

दाताची जात

चेनवर एक दात डावीकडे आणि पुढचा उजवीकडे असतो. ही रचना अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ज्यो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली. लाकूड पोखरणारी एका भुंग्याची अळी आपले जबडे डावी-उजवीकडे चालवत, लाकडाच्या तंतूंना उभं-आडवं कापत जाते, हे त्याने बुंध्यापाशी बसून निरखलं आणि पुढच्या वर्षी पोर्टलंडमध्ये चेनचा कारखाना काढला. आज आपण वापरतो ती चेन त्या अळीच्या जबड्याची वंशज आहे.

दाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. फुल चिझल दाताचा कोपरा काटकोनात, टोकदार असतो. तो स्वच्छ, ओल्या, मऊ लाकडात सर्वांत वेगाने कापतो. सेमी चिझलचा कोपरा किंचित गोल असतो. नवा असताना तो फुल चिझलपेक्षा थोडा सावकाश चालतो, पण त्याची धार जास्त वेळ टिकते, माती-धूळ तो सोसतो आणि कानस मारायलाही सोपा जातो. फुल चिझलचा टोकदार कोपरा हेच त्याचं बळ आणि तोच पहिल्या रेतीच्या कणाला मोडतो. विक्रेता ‘प्रोफेशनल आहे, घ्या’ म्हणून फुल चिझल पुढे करतो. आपल्या बांधावरची चिंच, बाभूळ, खैर, ऐन आणि वाळका साग यांना सेमी चिझलच घ्या. दिवसाच्या शेवटी ओंडके मोजले की तीच पुढे गेलेली असते.

कार्बाइडचे तुकडे बसवलेल्या चेनही मिळतात. मातीने भरलेल्या लाकडात त्या खरोखर टिकतात, पण किंमत कित्येक पट, साध्या कानशीने धार लागत नाही आणि खिळ्यावर गेली की तुकडा उडतो. शेतकऱ्याला त्यांची गरज नाही. फळ्या पाडायच्या असतील तर वेगळी ‘रिपिंग’ चेन लागते, तिच्या दाताचा कोन साधारण १० अंशांचा असतो. आडव्या कापाच्या चेनने फळ्या पाडत बसू नका.

नवी चेन आणली की रात्रभर चेनच्या तेलात बुडवून ठेवा. सकाळी चढवा, दोन-तीन मिनिटं लाकडाशिवाय मध्यम वेगात फिरवा, थांबवा, थंड होऊ द्या आणि मग ताण पुन्हा द्या. ताण बरोबर असेल तर बारच्या खालच्या बाजूला चेन चिकटून बसते आणि हातमोजा घातलेल्या हाताने सहज फिरते. काम करताना तापून ढिली झालेली चेन घट्ट केली असेल तर काम संपल्यावर आठवणीने सैल करा. थंड होताना ती आक्रसते आणि तसाच ताण राहिला तर बार आणि क्लचकडच्या दांड्यावर सगळा ओढा येतो.

तेलाबद्दल कळकळीने सांगतो. गाडीतलं जळकं इंजिन ऑइल टाकू नका. त्यात धातूची पूड असते, चेनला चिकटून राहायचा गुण नसतो, आणि ते तोंडावर, हातांवर उडतं तेव्हा त्वचेला अपाय होतो. चेनचं चिकट तेल वेगळं मिळतं. ते येतं का हे पाहायला बारचं टोक एखाद्या फिकट लाकडाच्या कापावर वीतभर उंच धरा आणि मशीन फिरवा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. कठीण, वाळक्या लाकडात तेलाचा स्क्रू थोडा जास्त उघडा.

कानस रोजची

चिवट लाकडात टाकी संपली की धार, हा नियम ठेवा. पेट्रोल भरायला थांबलाच आहात तर प्रत्येक दाताला दोन-तीन कानशी द्या, नेहमी आतून बाहेर, आणि परत येताना कानस उचलून. लो प्रोफाइल ३/८ ला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ ला ४.८ ची आणि मोठ्या ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ ची. कोन सहसा ३० अंश सांगितलेला असतो. खूप कठीण, वाळक्या लाकडात मी २५ ठेवतो. काप थोडा सावकाश होतो, धार मात्र टिकते. डावे आणि उजवे दात एका लांबीचे ठेवा, नाहीतर काप एका बाजूला पळेल.

प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दात किती खोल चावेल ते तो ठरवतो. दाताच्या टोकापेक्षा तो सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. चार-पाचदा धार लावली की मापपट्टी ठेवून तो तपासा. ‘जास्त चावू दे’ म्हणून काही जण तो खूप घासतात. मऊ लाकडात ते चालून जातं. खैरात दात लाकडात रुतून मशीन हिसका देते आणि क्लच जळतो.

पिठासारखा भुसा म्हणजे बोथट चेन, हे सगळे सांगतात. वाळक्या चिंचेत किंवा खैरात धारदार चेनचाही कीस बारीकच पडतो, म्हणून तो चिमटीत घेऊन पाहा. धार असेल तर कणीदार लागतो, गेली असेल तर मऊ पूड.

दर दिवशी बार उलटा करून चढवा म्हणजे दोन्ही काठ सारखे झिजतील. खाचेतला भुसा तारेने काढा. काठाला बाहेर आलेली धातूची कोर सपाट कानशीने उतरवा. आणि एका बारमागे तीन चेन ठेवून त्या आळीपाळीने वापरा. त्या तिन्ही एकदम जुन्या होतात, मग चेन, स्प्रॉकेट आणि गरज असेल तर बार असा पूर्ण संच बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की ती आठवड्यात जुनी होते.

बारच्या टोकाचा वरचा चतकोर कधीही लाकडाला लावू नका. किकबॅक तिथूनच होतो, आणि मशीन तोंडाकडे उसळायला डोळ्याची पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही. कठीण लाकडात हा झटका जास्त जोराचा असतो. हेल्मेट, चष्मा, कानाचं संरक्षण, पायांसाठी चेन सॉची खास पँट आणि चालू स्थितीतला चेन ब्रेक, यांतलं काही नसेल तर त्या दिवशी बुंध्याला हात लावू नका. चेन बदलताना हातमोजे घाला आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा.

पुढच्या वेळी दुकानात जाताना जुना बार आणि जुनी चेन पिशवीत घालून सोबत न्या. नवं खोकं तिथेच उघडायला लावा, बारवरचे आकडे स्वतः वाचा, आणि काउंटरवर चेन पसरून ड्राइव्ह लिंक एकेक करून मोजून घ्या.